डोळा लाल, कमरेत वायू

माझा उजवा डोळा लाल झाला तेव्हा आमच्या शाळेत निम्म्या पोरांचे डोळे लाल होते. डोळे येण्याला इकडे तमिळनाडूत सगळे 'मद्रास आय' म्हणतात. मी ओरत्तनाडूच्या एका शाळेत गणित शिकवतो, घर तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत. वर्गात शिरलो तशी पोरं खूश झाली. "सर, आमचंच तुम्हाला लागलं!" मीही हसलो, आणि संध्याकाळी बसस्टँडजवळच्या मेडिकलमधून पोरं घालत होती तेच थेंब घेऊन घरी गेलो.

हे लिहितोय ते एवढ्यासाठी की या आजाराबद्दल इंग्रजीत पुष्कळ सापडलं, तमिळमध्ये थोडं, आणि घरच्या भाषेत काहीच हाती लागलं नाही. आमची घरची भाषा मराठी आहे, पण ती पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या शेजारी राहिलेली मराठी. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षा देता देता शिकलो. तेव्हा कुठे शब्द चुकला तर सांभाळून घ्या. खरं तर शब्द चुकल्याचीच ही गोष्ट आहे.

एकच डोळा का?

मेडिकलचे थेंब घालून आठवडा होत आला तरी डोळा निवळेना. पोरांचे डोळे सकाळी चिकटायचे, माझा कोरडा होता. त्यांचे खाजायचे, माझा आतून ठणकायचा, अक्कलदाढ ठणकते तसा. खिडकीतून ऊन आलं की मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. पुढे पुढे त्या डोळ्याने तांदळाच्या धुवणातून पाहावं तसं दिसू लागलं.

माझे वडील, अप्पा, त्यांचं निदान तयार होतं. "उष्णता आहे ती. एरंडेल घाल टाळूवर आणि स्वस्थ पड."

घातलं. टाळू गार झाली, डोळा नाही.

मीरा, माझी बायको, तिरुवैयारूची, म्हणजे गाण्याच्या गावची. तिथल्या माणसांना सूर जरा हलला तरी कळतो असं ती स्वतःच सांगते. ती म्हणाली, "अहो, मद्रास आय दोन्ही डोळ्यांना येतो ना? शेजारच्या अक्कांचे दोन्ही आले, त्यांच्या मुलाचे दोन्ही आले. तुमचाच एक का?"

"मला काय माहीत?"

"गणिताचे मास्तर तुम्ही. एक आणि दोन यातला फरक तुम्हाला नको दिसायला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

कवडसा

तिथे हनुवटी टेकवायचं एक यंत्र असतं. समोरून डॉक्टर प्रकाशाची बारीक फट डोळ्यात सोडतात आणि भिंगातून पाहतात. आमच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलणं सगळं तमिळमध्ये. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "मास्तर, अंधाऱ्या खोलीत कवडसा आला की त्यात धूळ तरंगताना दिसते, ती पाहिली आहे ना?"

"हो."

"तुमच्या डोळ्याच्या आत आत्ता मला तसंच दिसतंय. फक्त ती धूळ नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत. हा मद्रास आय नाही. डोळ्याच्या आत दाह झालाय."

इंग्रजीत त्यांनी 'युव्हायटिस' म्हटलं, तमिळमध्ये 'अळर्ची'. दोन्ही शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मी घाबरायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर आधी हेवा वाटला. माझ्याच डोळ्यातला कवडसा, आणि तो बघायला मिळतोय दुसऱ्याला! मी विचारलं, मला दाखवता येईल का? त्या हसल्या. असं कुणी विचारत नाही म्हणाल्या आणि यंत्राला जोडलेल्या पडद्यावर फोटो दाखवला. ठिपके बारीक होते, ते मला नीट कळले नाहीत. पण बाहुली दिसली. ती गोल असायला हवी, माझी कडेने कुरतडलेल्या सुपारीसारखी होती.

"आतल्या दाहाने बाहुली मागच्या भिंगाला चिकटलीय. अजून ताजं आहे, थेंबांनी सुटेल. आणखी थोडं थांबला असता तर कायमची चिकटली असती."

तेव्हा मात्र घाबरलो, आणि थेंब कसे घालायचे ते दोनदा विचारून घेतलं.

घरी आल्यावर अप्पांना 'आतून सूज' असं सांगितलं. अप्पांच्या बोलण्यात 'म्हणून' नाही, 'मणून' असतं; 'म्हण' नाही, 'मण' असतं. इथे तसंच ठेवतो. ते मला उजेडात घेऊन गेले, पापणी उचलून पाहिली. "सूज मणून सांगतोस, कुठं आहे? पापणी पातळ दिसते."

"आत आहे अप्पा, डोळ्याच्या आत."

"आत गेली कशी? दार कुठलं तिला?"

मीरा हसली, पण मला तो प्रश्न फार बरोबर वाटला. पुढच्या तपासणीला मी तोच डॉक्टरांना विचारला. त्या म्हणाल्या, बाहेरून काही गेलेलं नाही. शरीराचे रखवालदार चोर नसताना स्वतःच्याच घरात काठ्या चालवताहेत.

"पण का?"

"तेच शोधायचं असतं. पुष्कळदा सापडत नाही." आणि त्यांनी एकामागून एक विचारलं. क्षयरोग झाला होता? तोंडात वारंवार फोड? अंगावर चट्टे? सांधे सुजतात? 'मुदुगु वली', म्हणजे पाठदुखी?

मी सगळ्यांना 'इल्लै' म्हणालो. नाही, नाही, नाही.

घंटा आणि थेंब

उपचार म्हणजे थेंब. एक थेंब दाह मारायचा, तो दर तासाला. दुसरा बाहुली ताणून मोकळी ठेवायचा. शाळेत तासाची घंटा झाली की पहिल्या बाकावरचे दोघे ओरडायचे, "सर, थेंब!" मी मान वर करायचो आणि सगळा वर्ग श्वास रोखून बघायचा. नेम चुकून थेंब गालावर पडला की एकच हशा.

बाहुली ताणलेल्या डोळ्याने जवळचं वाचता येत नाही. दोन्ही डोळ्यांचा मेळ बसेना, अक्षरं एकमेकांवर चढायची. चाचणीचे पेपर मीरा मोठ्याने वाचायची आणि मी गुण सांगायचो. थोड्या दिवसांत ती मधलीच उत्तरं गाळू लागली.

"याचं दुसरं उत्तर?"

"चुकलंय. वाचत नाही."

"तुला कसं कळलं?"

"इतकी वाचली, आता कळतं. पुढचं ऐका."

सगळंच असं हसतखेळत नव्हतं. काळा चष्मा लावून घरात बसलेला माणूस घरच्यांना जड होतो. मोटरसायकल बंद होती. साधं 'दूध सांडलं' म्हटलं तरी मी 'मला दिसत नाही म्हणून सांगतेस का' म्हणून अंगावर जायचो. मीरा एकदा थेंबाची बाटली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आज तुमचे तुम्ही घाला. माझं भांडण डोळ्याशी नाही, तोंडाशी आहे. त्याच्याशी मी बोलणार नाही." एक दिवस ती खरंच बोलली नाही. मग बोलली.

थेंब एकदम थांबवायचे नसतात, जिना उतरावा तसे एकेक पायरी कमी करायचे. डोळा पांढरा दिसू लागल्यावर अप्पा म्हणाले, "झालं की आता. औषध कशाला?" पण मी शेवटच्या पायरीपर्यंत उतरलो. बाहुली सुटली. धुवण निवळलं.

आणि पावसाळा संपायच्या आत तोच डोळा पुन्हा लाल झाला.

अप्पांचा डावा डोळा

पुन्हा तेच थेंब, तोच जिना. डोळा बरा झाला, आणि पोंगलच्या सुमारास तिसऱ्यांदा उठला. या वेळी डॉक्टरबाईंनी डोळ्यातला दाब मोजला आणि खुर्ची मागे घेतली.

"मास्तर, हे थेंब दाह कमी करतात, पण तुमच्या डोळ्यात दाब वाढवतात. दाह राहिला तर दृष्टी जाईल, दाब राहिला तरी जाईल. दर वेळी थेंबांवर निभावता येणार नाही. मूळ सापडायला हवं."

उजवा डोळा जाऊ शकतो हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

डोळा जाणं म्हणजे काय हे आमच्या घरात नवीन नव्हतं. अप्पांच्या डाव्या डोळ्याला माझ्या लहानपणापासून दिसत नाही. अप्पा शिंपी. पण साधे कपडे नाही शिवत. देवळाच्या रथांना लागणारं कापडकाम करतात. रथाच्या चारी बाजूंना रंगीत कापडाचे लांब नळे झुलतात, त्यांना तोंबै म्हणतात. त्यावर कापडाचेच मोर, सिंह, कमळं कापून शिवतात. एका डोळ्याने अप्पांनी किती मोर शिवले असतील देव जाणे. पाठ तर पार वाकलेली. समोर उभ्या माणसाशी बोलायचं तर ते भुवया वर ओढून बघतात. लहानपणी मी मशीनच्या पायट्याला हात लावला तरी ओरडायचे. "हात काढ! या मशीनने माझी पाठ खाल्ली, डोळा खाल्ला. तू शाळेत जा." मी गेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आजवर मी ते मशीनचे उपकार समजत आलो.

आता आरशात लाल डोळा बघताना वाटायचं, मशीन तर मी कधी चालवलं नाही. मग मला कोण खातंय?

ओवा की गोळी

त्या तिसऱ्या वेळी मीरा माझ्याबरोबर आत आली होती. डॉक्टरबाईंनी पुन्हा सगळे प्रश्न विचारले. क्षयरोग नाही, चट्टे नाहीत, पाठदुखी नाही. मग त्यांनी विचारलं, "दुसरी काही औषधं घेता?"

"नाही," मी म्हणालो.

"घेतात की," मीरा म्हणाली. "यांना वायू आहे ना. त्याची गोळी घेतात."

मी कानकोंडा झालो. डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर पोटाची गोष्ट! मी तिला खुणावलं, पण ती थांबायची नाही. "वायू धरला की ओव्याचं पाणी देते मी. बटाटा नाही, चणाडाळ नाही, वाटाणा तर घरात आणत नाही. तरी सकाळी धरतोच. मग मेडिकलमधली ती दुखण्याची गोळी घेतली की तासाभरात मोकळा होतो."

डॉक्टरबाईंची लेखणी थांबली. "दुखण्याची गोळी? गॅसवर?"

"हो."

"अम्मा, त्या गोळीने गॅस जात नाही. उलट पोट जळतं. वायू धरतो म्हणजे कुठे धरतो?"

"कमरेत," मीरा आणि मी एकदम म्हणालो.

डॉक्टरबाईंनी लेखणी खाली ठेवली. मग त्या माझ्याकडे वळल्या, आवाज अगदी शांत. "मास्तर, मी तुम्हाला पाठदुखी विचारली होती. दर वेळी."

"पाठ नाही दुखत माझी. वायू आहे."

हे मी मुद्दाम दडवलं नव्हतं. आमच्या घरात कमरेचं दुखणं म्हणजे पोटातला वायू, तो वर-खाली फिरतो आणि कमरेत येऊन अडकतो. अप्पांना होता, आजोबांना होता. पाठदुखी वेगळी; ती ओझी उचलणाऱ्यांची, पडलेल्यांची. परीक्षेत प्रश्न जसा विचारला तसं उत्तर द्यायचं, ही शाळेची शिस्त माझ्या हाडात. पाठदुखी विचारली, मी पाठदुखीचं उत्तर दिलं. वायू कुणी विचारलाच नव्हता.

पुढचे प्रश्न त्यांनी फार हुशारीने विचारले. झोपून उठल्यावर जास्त, की दिवसभर उभं राहिल्यावर? उठल्यावर. चाललं की बरं वाटतं की बसलं की? चाललं की. पहाटे कूस बदलायला जाग येते? येते. कधीपासून? कॉलेजपासून.

"हा वायू नाही," त्या म्हणाल्या. "कणा आणि कंबर जिथे जुळतात त्या सांध्यांचा दाह आहे बहुतेक. जे तुमच्या डोळ्यात चाललंय तेच तिथे चाललंय. एकाच कारणाची दोन टोकं."

माझी काय अवस्था झाली सांगू? भीती होती, पण त्याहून जास्त झालं ते आश्चर्य. डोळा कुठे, कंबर कुठे! दोन समीकरणं वेगवेगळ्या पानांवर सोडवत बसावं आणि कुणीतरी येऊन दाखवावं की दोन्हीतला क्ष एकच आहे.

"घरात आणखी कुणाला असा वायू?" त्यांनी विचारलं.

मी आणि मीराने एकमेकांकडे पाहिलं.

फ्रिजमधलं इंजेक्शन

पुढे तिरुच्चीच्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, कमरेचे फोटो काढले, छातीचाही काढला. अंदाज खरा निघाला. आता पोटाच्या कातडीत टोचायचं एक इंजेक्शन मी घेतो. ते थंड ठेवावं लागतं, म्हणून आमच्या फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी त्याची जागा आहे. मीराने पहिल्याच दिवशी पिठाच्या डब्याला बजावलं, "फसफसून अंगावर येऊ नकोस त्याच्या." पहिलं इंजेक्शन मला टोचवेना, नर्सने टोचलं, मी डोळे मिटले. आता माझं मी टोचतो. रोज पहाटे चटईवर व्यायाम करतो. गोठलेला कणा हलवायला तोच उपाय, निजून राहणं नव्हे. वाटाणा घरात परत आला.

हे कायमचं बरं होणारं दुखणं नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डोळा पुन्हा कधीही उठू शकतो. फक्त उठला की त्याच दिवशी जायचं, मेडिकलच्या थेंबांना हात लावायचा नाही. आणि ज्यांना असा काही त्रास असेल त्यांना मी एवढंच सांगेन: डॉक्टरांनी विचारलेल्या शब्दाला 'नाही' म्हणण्याआधी तुमच्या घरात त्याला काय म्हणतात ते आठवा. वायू, उष्णता, नजर, थंडी, जे काही असेल ते लाज न बाळगता जसंच्या तसं सांगा. शक्य असेल तर आपल्या माणसाला बरोबर आत न्या. आपण जे गाळतो ते आपली माणसं सांगतात.

हनुवटी

अप्पा दवाखान्यात यायला तयार नव्हते. "माझं सगळं संपलंय. मशीनने खाल्लेलं डॉक्टर काय परत देणार?"

मीरा म्हणाली, "मामंजी, उजवा डोळा आहे ना अजून? तो तरी दाखवा. की तोही मशीनला देऊन टाकताय?"  माझ्या तपासणीच्या दिवशी ते आमच्याबरोबर रिक्षात बसले.

आधी मी. डॉक्टरबाईंनी बराच वेळ पाहिलं. "कवडसा स्वच्छ आहे. दाबही ठीक." मग तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. उजव्या डोळ्याने मी शेवटची ओळ वाचली. इंजेक्शन सुरू झाल्यापासून डोळा एकदाही उठला नव्हता. मीराने पदराने नाक पुसलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

मग अप्पा. पण त्यांची हनुवटी यंत्रावर टेकेना. मानेचे मणकेच जुळून गेलेले. कपाळ टेकलं की हनुवटी लांब राही, हनुवटी टेकवायला जावं तर तोल जाई. टेबल खाली केलं, स्टूल बदललं. शेवटी अप्पांना उभं करून मी मागून कंबर धरली, आणि डॉक्टरबाई स्वतः जवळजवळ गुडघ्यांवर येऊन खालून पाहू लागल्या. अप्पा अवघडून पुटपुटत होते, "अम्मा, तुम्ही खाली नका बसू. माझंच वाकडं आहे."

"डाव्या डोळ्याची बाहुली सगळीकडून चिकटलीय," त्या हळूच मला म्हणाल्या. "फार जुनं आहे. तुमचाच आजार, औषधाशिवाय. आता तिथे करण्यासारखं काही नाही. उजवा चांगला आहे, तो जपू." मग अप्पांना मोठ्याने म्हणाल्या, "अय्या, तुमची पाठ आणि डोळा मशीनने नाही खाल्ला. आजार होता. मशीन नसतं तरी झाला असता."

अप्पा माझा हात धरून बाहेर आले. रिक्षा घराजवळच्या मेल वीधीच्या रस्त्याला लागली.

मग अप्पा म्हणाले, "मशीनचा काही दोष नव्हता मण."

"नाही अप्पा."

"उगाच मशीनला शिव्या दिल्या इतकी वर्षं. तुला हात लावू दिला नाही. डोळा खाईल मणून शाळेत पाठवलं."

"बरंच झालं ना ते. मी शिकलो."

"तुला बरं झालं रे. तोंबै कोण शिवणार माझ्यामागे?"

 ज्या पदवीसाठी मी मशीनचे उपकार मानत होतो ती एका चुकीच्या निदानाची देणगी होती, आणि तिची किंमत अप्पांच्या विद्येने दिली होती. डोळा वाचल्याचा आनंद घेऊन मी दवाखान्यातून निघालो होतो; रिक्षातून उतरलो तो हा हिशोब घेऊन.

आता रविवारी सकाळी, व्यायाम झाला की मी मशीनवर बसतो. अप्पांनी मला अजून मोर दिलेला नाही. पांढऱ्या कापडाच्या चिंधीवर सरळ शिवण घालायची, एवढंच. परवा एक पट्टी पूर्ण झाल्यावर त्यांनी ती उजेडात धरली, भुवया वर ओढून चांगल्या डोळ्याने न्याहाळली.

"वाकडी आहे."

मी वाकून शिवण पाहिली. "डोळ्यामुळे नाही ना अप्पा?"

"छे! डोळ्याला काय झालंय तुझ्या?" त्यांनी पट्टी माझ्या मांडीवर टाकली. "हात वाकडा आहे. उसव, परत घाल."